स्वादुपिंडाच्या रुग्णांमागे कोण उभे राहणार?

गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर डिसेंबर २०१८ मध्ये मांडवीवरच्या नव्या पुलाचे काम पाहायला गेले, तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. ते छायाचित्र गोव्यात आणि महाराष्ट्रात घरोघरी पाहिले गेले. जानेवारीअखेर त्याच अवस्थेत त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. आजार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा आहे, हे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगेपर्यंत नुसते तर्कवितर्क चालू होते. त्या काळात पर्रीकरांच्या जिद्दीवर पुष्कळ लिहून आले आणि ते रास्तच होते. हा आजार लपतो कसा, घरच्यांनी काय ओळखायला हवे, यावर मात्र त्या मानाने थोडेच बोलले गेले. एवढ्या मोठ्या लोकनेत्याचे आजारपण डोळ्यांसमोर घडूनही स्वादुपिंड हा अवयव आपल्या रोजच्या बोलण्यात आला नाही. आजही डॉक्टरांनी ‘पॅन्क्रियाजला सूज आहे’ म्हटले की नातेवाइकांची पहिली धाव मोबाइलकडे असते आणि तिथे जे वाचायला मिळते त्याने असलेला धीरही सुटतो.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवा पडलेला, साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचा हा अवयव दोन मोठी कामे करतो. जेवणातली चरबी, प्रथिने, पिष्ट पदार्थ पचवणारा रस तो लहान आतड्यात सोडतो आणि रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिनही तोच बनवतो. तो इतका आत दडलेला असतो की त्याचे दुखणे स्वतःच्या नावाने पुढे येत नाही. पोटाच्या वरच्या भागात दुखते, कळ पाठीत जाते, भूक मरते, वजन उतरते. महिनोन्‌महिने पित्त, गॅस किंवा मणक्याचा त्रास म्हणून उपचार चालतात. कर्करोग असेल तर निदान होईपर्यंत शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांवरच शस्त्रक्रिया करण्याजोगी स्थिती उरलेली असते.

रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेचा प्रश्न इथूनच अवघड होतो. एखाद्या आजाराची चळवळ उभी राहते ती बहुधा त्यातून बऱ्या झालेल्या माणसांच्या बळावर. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या हजारो स्त्रियांनी आपले अनुभव सांगितले, म्हणून त्या आजाराभोवतीचे मौन सुटले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात बोलायला मागे उरणारे थोडे. कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक रँडी पॉश यांचे सप्टेंबर २००७ मधले ‘शेवटचे व्याख्यान’ जगभर पाहिले गेले. मार्च २००८ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले, ते हेच सांगायला, की या आजाराची बाजू मांडणारे रुग्ण दिसत नाहीत कारण ते तेवढे जगतच नाहीत. जुलै २००८ मध्ये पॉशही याच आजाराने गेले.

मग ही बाजू मांडायची कोणी? अमेरिकेत याचे उत्तर मागे राहिलेल्या नातेवाइकांनी दिले. पॅमेला अकोस्टा मार्क्वार्ट यांची आई या आजाराने गेली. त्यानंतर १९९९ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात ‘पॅन्क्रिअ‍ॅटिक कॅन्सर अ‍ॅक्शन नेटवर्क’ ही संस्था सुरू केली. आज या आजाराची खूण म्हणून जगभर वापरला जाणारा जांभळा रंग त्यांच्या आईच्या आवडीचा होता. संस्थेचे स्वयंसेवक मुख्यतः कोण, तर कोणाचा नवरा गेला, कोणाची बहीण, कोणाचे वडील. गावोगावच्या पदयात्रांतून त्यांनी पैसा उभा केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी वॉशिंग्टनला जाऊन आपापल्या भागाच्या लोकप्रतिनिधीसमोर बसायचे, गेलेल्या माणसाचा फोटो टेबलावर ठेवायचा आणि संशोधनाला किती निधी मिळतो ते विचारायचे, हा रिवाज त्यांनी पाडला. जानेवारी २०१३ मध्ये अत्यंत कमी जगणूक असलेल्या कर्करोगांसाठी राष्ट्रीय कर्करोग संस्थेने शास्त्रीय आराखडा बनवलाच पाहिजे, असा कायदा झाला. त्यामागे या माणसांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता.

संस्था सुरू झाली तेव्हा अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण चार टक्के होते. अलीकडच्या आकडेवारीत ते तेरा टक्क्यांवर आले आहे. या वाढीचे श्रेय स्वयंसेवकांच्या नावावर जमा करणे बरोबर होणार नाही. २०११ पासून वापरात आलेली अनेक औषधांची एकत्रित केमोथेरपी, शस्त्रक्रियेतली सुधारणा, आणि संथ वाढणाऱ्या काही वेगळ्या गाठीही याच आकड्यात मोजल्या जाणे, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण सरकारचे लक्ष नसलेल्या आजारावर संशोधक आयुष्य घालवत नाहीत, हेही खरे. ते लक्ष खेचून आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्या घरातल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होणार नव्हता. आपला माणूस गेल्यावर परक्याच्या माणसासाठी वीस-वीस वर्षे खेटे घालायचे, याचे मोल टक्केवारीत सांगता येत नाही.

लक्ष वेधण्याचा हा प्रयत्न कधी वाट चुकतोही. ब्रिटनमधल्या एका संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या जाहिरातीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा रुग्ण ‘मला स्तनाचा कर्करोग झाला असता तर बरे’ असे म्हणताना दाखवला होता. त्यावर मोठे वादळ उठले. स्तनाच्या कर्करोगाने घरचे माणूस गमावलेल्यांना ती जाहिरात झोंबली, तर संस्थेचे म्हणणे असे की जगण्याच्या शक्यतेतला भयंकर फरक लोकांना एरवी कळलाच नसता. ज्या तरुण रुग्णांच्या तोंडचे हे शब्द होते, त्यांची वेदना खरीच होती. तरीही आमच्या मते एका दुःखाची उंची दुसऱ्या दुःखाशेजारी उभी करून मोजण्याचा मार्ग सेवेच्या कामाला मानवत नाही. त्या वादात चर्चा झाली ती जाहिरातीची. लक्षणे कोणती, डॉक्टरकडे कधी जायचे, हे मागे पडले.

खरे काम याहून पुष्कळ साधे आहे आणि ते रुग्णाच्या ताटाशी सुरू होते. स्वादुपिंड काढून टाकले, निकामी झाले किंवा त्याची नळी गाठीने अडली, की पाचक रस आतड्यात पोहोचत नाही. खाल्लेले अंगी लागत नाही. शौचाला तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारी होते, चार वेळा फ्लश केले तरी जात नाही. संकोचापोटी रुग्ण हे घरातही सांगत नाही. घरचे काय करतात, तर तेल-तूप बंद करतात, वरणाचे पाणी आणि मऊ भात सुरू करतात. माणूस आणखी वाळतो आणि कर्करोगच वाढला असे सगळे समजून चालतात. अशा वेळी गरज असते ती पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलची. ब्रिटनच्या राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे औषध रुग्णाला देऊ करावे.

औषध लिहून दिले म्हणजे काम झाले असे नाही. ही कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर घेऊन उपयोग नसतो. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. जेवण लांबणार असेल तर ठरलेल्या मात्रेतला काही भाग सुरुवातीला आणि उरलेला मध्यावर. चावायची नाही. फळाच्या फोडीबरोबर किंवा कोऱ्या चहाबरोबर तिची गरज नसते, पण पोहे, शेंगदाण्याची चिक्की, दुधाचा भरलेला पेला यांच्याबरोबर असते. लग्नाच्या पंगतीला जाताना ती खिशात हवी. ‘दिवसातून तीनदा’ एवढेच चिठ्ठीवर वाचून आलेल्या माणसाला यातले काही ठाऊक नसते. आणखी एक नाजूक गोष्ट. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. जैन, मुसलमान किंवा शाकाहारी घराला ते आधीच कळले तर ते डॉक्टरांशी मोकळेपणी बोलू शकतात. मध्येच कोठून तरी कानावर येऊन औषध गुपचूप बंद झाले, तर वजन का उतरते याचा पत्ता कोणालाच लागत नाही.

ओपीडीच्या रांगेत डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत हे सगळे बसत नाही. ज्याने घरच्या माणसाला वर्षभर या कॅप्सूल दिल्या आहेत, त्याच्यापाशी ही माहिती तयार असते. फक्त ती त्याला बहुधा फार उशिरा मिळालेली असते. ‘हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर’ हे वाक्य कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर बसणाऱ्या कोणालाही नवे नाही. रुग्णांच्या संस्थेचा मुख्य उपयोग आम्हाला इथे दिसतो. एका घराने सोसून मिळवलेले शहाणपण त्या घराबरोबर संपू नये, पुढच्या घराला पहिल्या आठवड्यात मिळावे. ब्रिटनमध्ये २००३ साली सुरू झालेली ‘पॅन्क्रिअ‍ॅटिक कॅन्सर यूके’ ही संस्था त्यासाठी तज्ज्ञ परिचारिकांची फोनसेवा चालवते. तिथे २०२४ मध्ये याच एन्झाइमच्या औषधाचा तुटवडा झाला, तेव्हा रुग्णांच्या संस्थांनी सरकारमागे तगादा लावला. एकट्यादुकट्या नातेवाइकाने औषधाच्या दुकानांतून हिंडण्यापलीकडे काय केले असते?

आतापर्यंत कर्करोगाबद्दल लिहिले. आपल्या देशात मात्र स्वादुपिंडाच्या दीर्घकाळच्या सुजेने पिडलेले रुग्ण विसरून चालणार नाही. त्यांची दुखणी वर्षानुवर्षे चालतात. मधूनच पोटात असह्य कळ, दवाखान्यात भरती, आठ-दहा दिवस सलाइन, घरी परत, नोकरीवर पुन्हा खाडा. पुढे मधुमेह जडतो, तोही आवरायला कठीण. दारू आणि तंबाखू ही या सुजेची मोठी कारणे आहेत, त्यामुळे ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्याकडेही सासुरवाडीपासून कार्यालयापर्यंत सगळे त्याच नजरेने पाहतात. वस्तुतः भारतात, विशेषतः केरळात, दारूशी संबंध नसलेल्या तरुणांमध्ये स्वादुपिंडात खडे होऊन ते निकामी होण्याचा आजार फार पूर्वीपासून आढळतो. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी केरळातल्या अशा रुग्णांचा अभ्यास करून लिहिलेला ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध केला तो मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने. एकेकाळी टॅपिओकाच्या कंदाला दोष दिला जाई. पुढच्या संशोधनात स्पिंक-१ या जनुकातल्या बदलांचा संबंध दिसून आला. पंचविशीतल्या मुलाच्या आईला ‘तुझ्या मुलाची यात काही चूक नाही’ असे खात्रीने सांगणारे कोणी भेटणे, हा औषधाइतकाच मोठा आधार आहे.

आणि ज्याला दारूमुळे हा आजार झाला, त्यालाही आधार नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. त्याला तर तो अधिक हवा, कारण दारू आणि सिगारेट सुटली तरच पुढची हानी रोखता येते. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्याला हात देत आली आहेत. रुग्णाने रुग्णाला सावरण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. म्हणूनच संस्था काढायची तर ती एकट्या कर्करोगाची नसावी, अख्ख्या स्वादुपिंडाची असावी. बोस्टनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘नॅशनल पॅन्क्रियास फाउंडेशन’ने सूज आणि कर्करोग दोन्ही आपल्या कक्षेत घेतले आहेत. यात व्यावहारिक शहाणपणही आहे. कर्करोगाचे रुग्ण थोड्या काळाचे सोबती असतात, तर सुजेचे रुग्ण वीस-तीस वर्षे राहतात. संस्थेला लागणारी सलगता त्यांच्याकडून येऊ शकते.

आपल्याकडच्या स्वयंसेवकांना एक लढाई मात्र अमेरिका-ब्रिटनहून वेगळी लढावी लागेल. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ झाली की पित्ताची नळी दाबली जाते आणि कावीळ होते. पोटात दुखत नाही, ताप नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढुरकी आणि अंगाला खाज. खरे तर ही कावीळ या आजाराने दिलेली एक संधी असते, कारण त्यामुळे काही रुग्णांची गाठ वेळेत सापडते. पण आपल्याकडे कावीळ म्हटली की पावले वळतात काविळीचे औषध देणाऱ्याकडे. तो चुन्याच्या पाण्याने रुग्णाचे हात धुतो, पाणी पिवळे होते, कावीळ उतरली असे घरचे मानतात. डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ दिवसागणिक लांबत गळ्यात येते. ओल्या काड्या सुकून बारीक झाल्या, दोऱ्याच्या गाठी सैल झाल्या, एवढेच त्यामागचे कारण. विषाणूमुळे होणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, त्यामुळे औषध देणाऱ्याचे नाव होते. साठीच्या माणसाची न दुखणारी कावीळ अशी उतरत नाही. त्या माळेच्या भरवशावर गेलेले पाच-सहा आठवडे परत मिळत नाहीत.

हे गावात जाऊन सांगायचे तर पत्रक पुरत नाही. ज्याच्या घरात हे घडले आहे, त्याने बचत गटाच्या बैठकीत बसून आपल्या बोलीत सांगितले तर ऐकले जाते. त्याने औषध देणाऱ्याची निंदा करायची गरज नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला कावीळ झाली तर आधी सोनोग्राफी करून घ्या, एवढे मनावर ठसले तरी पुष्कळ झाले. मधुमेहाबाबत मात्र जपून बोलायला हवे. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघणे आणि त्याचबरोबर कारण नसताना वजन घटणे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगण्याजोगे लक्षण आहे. पण मेयो क्लिनिकमध्ये डॉ. सुरेश चारी यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वयात नव्याने मधुमेह निघालेल्यांपैकी तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळलेले शंभरात एकाहूनही कमी होते. घरोघरी मधुमेह असलेल्या महाराष्ट्रात अर्धवट माहितीने घबराट पसरवणारा स्वयंसेवक नसलेला बरा.

म्हणून प्रशिक्षण हवे, आणि ते नावापुरते नको. स्वयंसेवकाने औषधाची मात्रा सांगायची नाही, अमुकच डॉक्टरकडे जा म्हणायचे नाही, आपल्या माणसाचे जे झाले तेच समोरच्याचे होणार असे सुचवायचे नाही. कोणी एखाद्या चमत्कारी काढ्याचे नाव घेतले तर त्याला न हिणवता उपचार चालू ठेवायला सांगायचे. आणि स्वतःचे दुःख ताजे असताना दुसऱ्याच्या खाटेशी जायचे नाही. घरातला मृत्यू होऊन महिना झालेल्या माणसाला काहीतरी करावेसे फार वाटते. त्याला निधी गोळा करण्याचे, नोंदी ठेवण्याचे काम द्यावे, रुग्णाशी बोलण्याचे काम काही काळाने. केरळात परिसरातल्या साध्या माणसांना ठरावीक तासांचे प्रशिक्षण देऊन वेदनाशामक सेवेचे मोठे जाळे विणले गेले. पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणाऱ्या सिप्लाच्या केंद्रात कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबांची काळजी घेतली जाते. शिकायचे कोठे, हा प्रश्न आपल्यापुढे नाही.

सेवेची परंपरा तर आपल्याकडे भक्कम आहे. परळला टाटा रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आसरा देते. नाना पालकर स्मृती समितीचे कार्यकर्ते १९६८ पासून रुग्ण आणि नातेवाइकांची सोय पाहत आहेत. डबा, खोली, रक्त, केसपेपर, गावी परतण्याचे तिकीट, या सगळ्यासाठी धावणारी माणसे मुंबई-पुण्यात कमी नाहीत. पण ही मदत सर्व आजारांसाठी सारखी असते आणि तशीच असायला हवी. एका विशिष्ट अवयवाच्या रुग्णाला लागणारी बारीकसारीक माहिती त्या कार्यकर्त्याने बाळगावी, अशी अपेक्षा धरता येणार नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांनी, थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांनी आपापल्या संघटना बांधल्या, त्या याच गरजेतून. स्वादुपिंडाचे रुग्ण विखुरलेले आहेत, पण ते येतात ते मोजक्या मोठ्या रुग्णालयांच्या पोटविकार आणि कर्करोग विभागांत. तिथे त्यांना एकमेकांशी जोडणे अवघड नाही.

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार जगभर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी इमारतींवर जांभळे दिवे लावायला हरकत नाही. पण आम्ही सुचवू ते असे, की वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पोटविकाराच्या ओपीडीबाहेर त्या दिवसापासून एक टेबल कायमचे मांडले जावे. त्यावर विभागातल्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी तपासलेली मराठी पुस्तिका असावी, चारच पानांची: कॅप्सूल कशी घ्यायची, साखर कशी सांभाळायची, तेल-तूप कधी आणि किती चालते, कोणत्या लक्षणाला लगेच परत यायचे. शिकवून तयार केलेले दोन स्वयंसेवक आठवड्यातून दोन दिवस टेबलामागे असावेत, त्यातला एक शक्य तर सुजेच्या आजारासह जगणारा. आणि घरी गेल्यावर संध्याकाळी शंका आली तर लावायला एक फोन नंबर असावा. पुस्तिकेची छपाई एखादे रोटरी मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ सहज उचलेल. स्वयंसेवक मिळतील, कारण ज्यांची माणसे गेली ती घरे या विभागांच्या नोंदवह्यांत आहेत आणि त्यांतले पुष्कळजण कोणी विचारायची वाट पाहत असतात. त्यांना पत्र पाठवण्याचा आणि टेबलासाठी जागा देण्याचा निर्णय विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्या हातात आहे. त्यासाठी वेगळ्या शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.